टोटल म्हणजे टोटल

आमच्या वाटेचा कायदा एका ओळीचा आहे. भरलेल्याला वाट, रिकाम्यानं मागं. वाट एका गाडीपुरती. एका बाजूला दगडी बांध, दुसऱ्या बाजूला कमरेइतका खोल चर. समोरासमोर दोन गाड्या आल्या तर जिच्यात माल नाही ती मागं जाते. दोन्हींत माल असला तर माणसं खाली उतरतात, दोन शब्द बोलतात आणि ज्याला रुंद जागा जवळ तो मागं घेतो. हे शेंबड्या पोरालाही कळतं. माझ्या नवऱ्याला आणि दिराला कळत नाही, कारण ते दोघं दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत.

का बोलत नाहीत तेही सांगते, म्हणजे कोणत्या लायकीची माणसं आहेत ते समजेल. वाटणीत जमीन मिटली, गुरं मिटली, भांडीसुद्धा मिटली. शिडीवर अडलं. चौदा पायऱ्यांची लाकडी शिडी. शेवटी मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, न्याय केला आणि शिडी करवतीनं मधोमध कापली. सात पायऱ्या आम्हाला, सात धाकट्याला. आता दोन्ही घरांत शिडी आहे आणि कुणाचाच हात माळ्याला पोचत नाही.

त्या सकाळी आमच्या टेम्पोत अकरा घरांचं दूध होतं. रोज पहाटे ते गोळा करायचं आणि संकलन केंद्रावर पोचवायचं, ही आमची फेरी. टेम्पो मामंजींच्या नावावर, स्टिअरिंग नवऱ्याच्या हातात, आणि काम माझं. मी मागं कॅनांमध्ये बसते. रस्ता खडबडीत, झाकणं दाबून धरायला कुणीतरी लागतं, आणि त्या कामाला बायको स्वस्त पडते.

समोरून धाकट्याचा ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत ओला चारा शिगोशीग. आमच्या मागं वीस पावलांवर रुंद जागा होती, त्याच्या मागं दोनशे पावलांवर. म्हणजे मागं आम्हीच जायचं, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. पण आमच्या ह्यांनी हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला.

मी आतून पत्र्यावर थाप मारली. "अहो, घ्या ना मागं."

"मोठा मी आहे," हे म्हणाले.

गाडीत बसल्यावर माणूस थोरला-धाकटा कसा राहतो, मला ठाऊक नाही. मी परत झाकणं धरायला खाली बसले, तिथून समोरचं काहीच दिसत नव्हतं. ट्रॅक्टर गुरगुरल्याचं ऐकू आलं, मग थांबला, मग परत गुरगुरला, आणि एकदम असा दणका बसला की चार कॅन माझ्या अंगावर आले. टेम्पो मागं सरकत गेला, चाक चरात उतरलं आणि पोट मोरीच्या दगडावर आपटलं. मी केसांपासून टाचांपर्यंत दुधानं भिजले. वासराच्या तोंडचं काढलेलं दूध, अकरा घरांचं, चरातून बेडकांकडे चाललं होतं.

मी बाहेर आले तेव्हा टेम्पोचं नाक आत गेलेलं, रेडिएटर गळत होता आणि नवरा गुडघा धरून "आई गं, आई गं" करत होता. दीर ट्रॅक्टरवर बसून होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, तोंड पांढरंफटक. मला वाटलं, आता उतरेल, भावाला हात देईल. उतरला नाही. शेतातून चार माणसं धावत आली तशी त्याच्या तोंडावर रंग आला आणि म्हणाला, "मोठ्यांना मागं घ्यायला काय झालं होतं?"

दुपारपर्यंत सगळीकडे झालं, धाकट्यानं थोरल्याला मुद्दाम ठोकलं. दुकानावर कुणीतरी त्याला तोंडावर विचारलं. तो म्हणाला, "हो, ठोकलं. काय करायचं ते करा." आणि लोक त्याला जरा घाबरायला लागले. त्याला ते आवडलेलं दिसलं. छाती काढून चालायला लागला तो.

टेम्पो ओढून हातोड्याच्या गॅरेजात नेला. हातोड्या म्हणजे पत्रा ठोकणारा. चाळीस वर्षं ठोकून ठोकून त्याला ऐकू कमी येतं, त्यामुळे तो सगळ्यांशी भांडल्यासारखा बोलतो. त्यानं खाली झोपून बघितलं, वर येऊन हात पुसले आणि ओरडला, "चॅसी वाकली आहे, खालचा सांगाडा. गाडी मेली नाही!"

केंद्रावरच्या मोजणीवाल्याला मी दुसऱ्या दिवशी भेटले. तो दुधाची पत मोजतो आणि जाता जाता आणणाऱ्याचीही मोजतो.

"दहा दिवस," तो म्हणाला. "दहा दिवस कसंही करून आणा. अकराव्या दिवशी गाडी नसेल तर फेरी दुसऱ्याला देणार. पलीकडचा एकजण रोज विचारतोय."

फेरी जाणं म्हणजे काय ते घरात मला एकटीलाच कळत होतं. फेरीच्या आधी मी सहा वर्षं दुसऱ्यांच्या शेतात तण उपटायला जात होते. वाकून, मालकाच्या सावलीकडे बघत, कधी म्हणेल 'पुरे' याची वाट बघत. फेरी मिळाली तेव्हा मी पहिल्यांदा उभी राहून काम करायला लागले. लोक मला दारात बघून म्हणायला लागले, 'बसा, चहा घ्या.' मला परत वाकायचं नव्हतं. एवढीच माझी गोष्ट.

तर हातगाडी काढली. लोखंडी, दोन चाकांची, एक चाक सदा रडणारं. पुढून मी ओढायची, मागून सासूबाई ढकलायच्या. नवऱ्याचा गुडघा सुजला होता. तो ओसरीत खाटेवर बसून शेक घ्यायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला टक्कर सांगायचा. रोज सांगताना ट्रॅक्टरचा वेग थोडा वाढायचा. मामंजी हातगाडीपुढे चालायचे, काठी घेऊन, जणू मिरवणूक आहे. ओढायला हात लावला नाही. मालक होते ना ते.

पहिल्या दोन दिवसांत माझ्या तळहातांना फोड आले, तिसऱ्या दिवशी फुटले. सासूबाईंना साठी उलटून गेलेली. चढावर त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजायचा. मी मागं वळून बघायचे तर त्या म्हणायच्या, "चल गं, चल. थांबलं तर जास्त जड होतं."

चौथ्या दिवशी उशीर झाला. ऊन डोक्यावर आलं होतं. मोजणीवाल्यानं तिसऱ्या कॅनचं झाकण उघडलं, वास घेतला, पळीभर दूध तापवलं. फाटलं. त्यानं मला विचारलंही नाही, सरळ कॅन उचलून मोरीत ओतला. मागं रांगेत पंधरा माणसं. सगळ्यांनी बघितलं. मामंजी त्या वेळी पाठ करून फळ्यावरचं वाचत होते. त्यांना वाचता येत नाही.

त्याच दिवशी परतताना आम्ही गॅरेजात थांबलो, कारण विम्याचा माणूस येणार होता. सर्वेवाला. कोवळा, तेल लावलेला, बूट असे स्वच्छ की त्याची मला कीव आली. गॅरेजच्या चिखलात तो बगळ्यासारखा पाय उचलत होता. गाडीला बोटसुद्धा न लावता त्यानं मोबाइलवर वीस फोटो काढले, कागदावर काहीतरी लिहिलं आणि मामंजींपुढे येऊन उभा राहिला.

"काका, असं आहे. दुरुस्तीचा खर्च आणि गाडीची आजची किंमत जवळजवळ सारखीच बसतेय. तेव्हा तुमच्या मर्जीवर. दुरुस्त करायची का टोटल करायची?"

मामंजींनी हनुवटी खाजवली. त्यांनी आयुष्यात कुणाला 'म्हणजे काय' असं विचारलेलं नाही. मोठ्या माणसानं विचारायचं नसतं, सांगायचं असतं. "टोटल केली तर सगळं होईल?" ते म्हणाले.

"सगळंच होईल. कंपनी बघून घेते. तुम्हाला परत गॅरेजची पायरी चढायला नको."

"दुरुस्ती म्हणजे ठिगळ," मामंजी मला समजावल्यासारखं म्हणाले. "टोटल म्हणजे नखशिखांत."

सर्वेवाला मोबाइलमध्ये बघत होता. त्यानं ते ऐकलं का नाही, देव जाणे. ऐकलं असतं तरी त्याला काय पडलं होतं? मी पुढं झाले. "दहा दिवसांच्या आत होईल का, साहेब? चार गेलेत."

"कागद येईल, सही करा. आजपासून पाच-सहा दिवसांत गाडी उचलतील," तो म्हणाला.

मी हिशेब केला. चार आणि पाच, नऊ. बसत होतं. गाडी इथून उचलतील, मोठ्या वर्कशॉपला नेतील, टोटल करून देतील. माझ्या डोक्यात हे इतकं सरळ बसलं की त्यात कुठं भोक आहे का ते मी तपासलंच नाही.

तेवढ्यात हातगाडीच्या दांड्याला टेकून बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, पण टोटल म्हणजे काय गं?"

सगळे त्यांच्याकडे वळले. सर्वेवाला हसला. मामंजींनी कपाळाला हात लावला. आणि मी, दहावी पास झालेली, घरातली एकुलती एक वाचता येणारी बाई, त्यांच्यावर खेकसले, "टोटल म्हणजे टोटल, आई! तुम्ही जरा गप्प बसा ना."

त्या गप्प बसल्या. पदरानं हातगाडीचा दांडा पुसत राहिल्या.

हातोड्या मात्र गप्प बसला नाही. त्यानं हातातली पक्कड फेकली. "काका, टोटलच्या नादी लागू नका! गाडी जिवंत आहे. मी साखळी लावून चॅसी सरळ करतो, खालच्या आडव्या पट्टीला वेल्डिंग मारतो, नाक ठोकून बाहेर काढतो. पाच दिवस द्या मला. दिसायला कुरूप दिसेल, पण चालेल!"

"बघितलंस?" मामंजी माझ्या कानाशी म्हणाले. "गिऱ्हाईक हातचं चाललंय म्हणून जीव कासावीस."

मलाही तसंच वाटलं. फुकटचा सल्ला देणाऱ्यांच्या गर्दीत खरं बोलणारा एकच माणूस होता आणि आम्ही त्यालाच लबाड ठरवला. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात, तेव्हा गाढवाचं काय मत असतं ते कुणी विचारत नाही. मी सांगते. गाढवाला वाटतं, वाचणाऱ्याचा यात काहीतरी फायदा असणार.

घरी दोन दिवस त्यावर चर्चा झाली. नवरा खाटेवरून म्हणाला, "फुकटात टोटल मिळतेय तर दुरुस्ती कशाला? रंग निळा सांगा." मामंजींनी दुकानावर विषय काढला, तिथल्या शहाण्यांनीही माना डोलावल्या. "टोटलच करावी," एकजण म्हणाला. "आजकाल दुरुस्तीत राम राहिला नाही." त्यातल्या एकालाही टोटल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, हे मी आता पैजेवर सांगते. सगळे उंटावरचे शहाणे, आणि उंटसुद्धा उसना.

सहाव्या दिवशी कागद आला. मामंजींनी तो आधी उलटा धरला, मग माझ्याकडे दिला. "वाच. काही वावगं असेल तर सांग."

मी वाचला. सगळा. तिसऱ्या ओळीत होतं, 'सदर वाहनावरील माझा हक्क मी स्वखुशीने सोडत आहे.' मी तिथं थांबले. ती ओळ परत वाचली. मग वाटलं, सरकारी-दरबारी भाषा असते ती. दवाखान्यातही लिहून घेतात, काही झालं तर आमची जबाबदारी नाही म्हणून, आणि माणूस बरा होऊन घरी येतोच की. नवरा बघत होता, मामंजी बघत होते. मला कळलं नाही असं म्हणायला माझी जीभ वळली नाही. मी म्हणाले, "बरोबर आहे. करा सही."

मामंजींनी अंगठा उठवला आणि अंगठ्याची शाई खाटेच्या पायाला पुसली.

पुढचे तीन दिवस आम्ही हातगाडी ओढली ती आशेवर. पावसाळी हवा होती, वाट निसरडी. एकदा चाक खड्ड्यात अडकलं तेव्हा सासूबाई गुडघ्यांवर पडल्या. मामंजी पुढून ओरडले, "दूध सांडलं का?"

"नाही सांडलं," सासूबाई म्हणाल्या आणि गुडघ्याला माती लावून उठल्या.

नवव्या दिवशी गाडी उचलायला मोठा ट्रक आला. मामंजींनी स्वच्छ सदरा घातला होता. नवरासुद्धा आला, गुडघा अचानक बरा झाला होता म्हणून. ट्रकवाल्यानं आमच्या टेम्पोला लोखंडी दोर लावला आणि म्हणाला, "आतलं काही सामान असेल तर काढून घ्या."

मी आत चढले. मोजायचं माप, दोन फडकी, मी बसायचे ती पोत्याची गादी. गादीला अजून आंबट दुधाचा वास येत होता. मी म्हटलं, "राहू दे की. परत लागणारच आहे."

ट्रकवाल्यानं माझ्याकडे विचित्र बघितलं. मग तो खाली वाकून नंबराची पाटी उचकटायला लागला.

"अरे, पाटी कशाला काढतोस?" मामंजी म्हणाले. "आणि कधी आणून देणार ते सांग. परवा फेरी आहे आमची."

"काय आणून देणार?"

"गाडी."

तो माणूस आधी हसला नाही. त्यानं मामंजींच्या सदऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्याला कळलं. मग हसला. "काका, टोटल केलीत ना तुम्ही? टोटल म्हणजे संपली. ही आता तुकड्यातुकड्यानं जाईल, भंगारात. कंपनी पैसे देईल काय ते. तीन महिन्यांनी, चार महिन्यांनी."

हातोड्या दारात उभा होता. या वेळी तो ओरडला नाही. इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदा हळू बोलताना ऐकलं. "मी सांगत होतो," तो म्हणाला. "मला वाटलं तुम्हाला कळतंय."

आता तरी मामंजी काही बोलतील असं मला वाटलं. 'चूक झाली', 'मला वाटलं वेगळं', काहीही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्यांनी काठी आपटली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माहीत आहे मला! मीच सांगितलं टोटल करायला. जुन्या गाडीत जीव किती अडकवायचा माणसानं?"

"मी तर आधीपासून म्हणत होतो, दुरुस्त करा," नवरा म्हणाला.

मला त्या दोघांची इतकी शिसारी आली की मी टेम्पोच्या दाराला धरून उभी राहिले. बाप आणि लेक, एक पडलो तरी नाक वर, दुसरा तर पडलाच नव्हता कधी, नेहमी दुसऱ्यानं पाडलेला. आणि त्यांच्यात मी, तिसरी ओळ वाचून 'बरोबर आहे' म्हणणारी. दोर ताणला. टेम्पो मागच्या चाकांवर घसटत ट्रकवर चढला, नाक अजून आत गेलेलं, एक दिवा खाली लोंबत. गादी त्यातच राहिली.

दहावा दिवस उजाडला. शेवटचा. उद्यापासून फेरी नाही हे ठाऊक असूनही आम्ही हातगाडी भरली, कारण अकरा घरांनी दूध काढून ठेवलं होतं आणि त्यांना सांगायची हिंमत कुणात नव्हती. मामंजी आले नाहीत. त्यांचं डोकं दुखत होतं. मी पुढं, सासूबाई मागं. वाटभर चाक रडत होतं.

बांधाच्या वळणावर समोर धाकट्याचा ट्रॅक्टर आला.

ट्रॉली रिकामी. एक काडीसुद्धा नव्हती तिच्यात. मी हातगाडी थांबवली, घाम पुसला आणि गेल्या दहा दिवसांचा सगळा कडूपणा गोळा करून ओरडले, "भाऊजी! रिकामे आहात. मागं घ्या."

तो बसून राहिला. वर आभाळाकडे बघितलं, मग आरशात बघितलं.

"कायदा विसरलात का आता? भरलेल्याला वाट! का आम्हालाही ठोकायचंय? ठोका. इथं तर बायकाच आहेत."

त्यानं गिअर टाकला. ट्रॅक्टर हातभर मागं गेला आणि ट्रॉली तिरकी होऊन बांधाला लागली. त्यानं पुढं घेतलं, स्टिअरिंग दुसरीकडे फिरवलं, परत मागं. आता ट्रॉली चराकडे निघाली. परत पुढं. तिसऱ्यांदा ट्रॉली आणि ट्रॅक्टर काटकोनात उभे राहिले, दरवाजा अर्धा उघडून ठेवावा तसे. ट्रॉली मागं घेताना स्टिअरिंग उलटं फिरवायचं असतं, ते कसब आहे, बसल्या बसल्या येत नाही. त्याच्या शर्टाची पाठ भिजली होती.

"हुक ढिला झालाय," तो म्हणाला.

नाचता येईना, अंगण वाकडं. मी नुसती बघत राहिले. ते बघणं त्याला सोसेना. तो खाली उतरला, माझ्याजवळ आला आणि मागं सासूबाईंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "वहिनी, मला ट्रॉली मागं घेता येत नाही."

"काय?"

"कधीच आली नाही. मी नेहमी लांबच्या वळणावरून फिरवून आणतो. कुणाला माहीत नाही. बायकोलाही नाही."

मला त्या सकाळचं ते गुरगुरणं आठवलं. एकदा, मग थांबणं, मग परत. "त्या दिवशी?" मी विचारलं.

"त्या दिवशी मी मागंच घेत होतो." चाळीस वर्षांचा बाप्या, नखानं हातगाडीच्या दांड्यावरचा गंज खरवडत होता. "म्हटलं, दादा मोठा आहे, जाऊ दे, घेऊ आपणच मागं. हॉर्न वाजत होता, मी घाबरलो. गिअर पुढचा पडला."

म्हणजे ह्या माणसानं वाट दिली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा भावाचा मान ठेवला होता, आणि तो ठेवता आला नाही म्हणून गावभर सांगत फिरला की मुद्दाम ठोकलं. अडाणी म्हणवून घेण्यापेक्षा त्याला गुंड म्हणवून घेणं सोपं गेलं. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मला तिसरी ओळ आठवली.

"कॅन चढवा ट्रॉलीत," मी म्हणाले.

"काय?"

"ऐकू येत नाही का? कॅन चढवा. हातगाडीही चढवा. पुढं घरापर्यंत चला, अंगणात फिरवा आणि केंद्रावर सोडा. उद्याही आणि परवाही. पुढची गाडी येईपर्यंत रोज. डिझेलचं मी बघेन."

"दादा काय म्हणेल?"

"तुमच्या दादांना मी बघेन. आणि तुम्ही नाही म्हणालात तर तुमच्या हुकाचं मी दुकानावर सांगेन."

त्यानं निमूटपणे कॅन उचलायला सुरुवात केली. चांगले उचलतो, ताकद आहे. सासूबाईंना त्यानं दंडाला धरून वर चढवलं, तेव्हा त्यांनी दोन वर्षांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. फिरवता फिरवता त्याच्या केसातली गवताची काडीही काढली.

अंगणात ट्रॅक्टर फिरला तेव्हा खाटेवर बाप आणि लेक दोघंही होते. नवरा उठून उभा राहिला. मामंजींनी काठी उचलली, पण कुणावर उगारायची ते त्यांना ठरवता येईना. मी ट्रॉलीत उभी होते, एक हात कॅनवर. ओरडून सांगितलं, "फेरीला चाललोय. गुडघा बरा असेल तर उद्या झाकणं धरायला या." मग धूर मधे आला आणि ते दोघं दिसेनासे झाले.

वाटेला लागल्यावर ट्रॅक्टरच्या आवाजात एकमेकींच्या कानाशी लागूनच बोलावं लागत होतं. सासूबाई माझ्याजवळ सरकल्या. "अगं, मघाशी मागं का नाही घेतलं गं त्यानं?"

'तुम्हाला काय करायचंय आई' हे माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं. "येत नाही त्याला," मी म्हणाले. "त्या दिवशीही येत नव्हतं. मागं घ्यायला गेला आणि पुढं आला."

त्यांनी पुढं लेकाच्या भिजलेल्या पाठीकडे बघितलं. "मग तसं म्हणायचं की. दादानं घेतली असती."

"असं कोण म्हणतं, आई?"

"मी म्हणते की. मला कुठं काय येतं."

कॅन एकमेकांवर आपटत होते. मी दोन झाकणं दाबून धरली, तिसरं त्यांनी धरलं. त्यांच्या गुडघ्यावरची जखम सुकून काळी झाली होती. केंद्राचं छप्पर दिसायला लागलं, आणि आज आम्ही रांगेत पहिल्या होतो. मला ते बोलायचं नव्हतं, पण बोलले.

"आई, टोटल म्हणजे काय ते मलाही माहीत नव्हतं."

"ते मला तेव्हाच कळलं," सासूबाई म्हणाल्या. "तू खेकसलीस ना."